आनंदाची भिंत

१

"हा फोन नवा नाही. आणि मी म्हातारी असले, तरी बावळट नाही."

सुट्टीच्या दिवसाची सकाळ होती. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेले होते, आणि तरीही हे वाक्य मागच्या कोपऱ्यातल्या माझ्या दुरुस्तीच्या टेबलापर्यंत स्वच्छ पोहोचले. मी हातातला चिमटा खाली ठेवला. काळ्या काचेच्या पार्टिशनपलीकडे माझी ताई विक्रीच्या काउंटरवर उभी होती, आणि तिच्यासमोर आखूड कापलेल्या पांढऱ्या केसांच्या एक बाई.

त्यांना मी काल दुपारी पाहिले होते. त्या वेळी त्या हसत होत्या. नवा फोन घेणाऱ्या माणसांचे चेहरे मी या पार्टिशनआडून रोज पाहतो. प्रत्येक जण खोक्याबरोबर थोडे निराळे आयुष्यही मागत असतो: दूर गेलेला मुलगा आता जास्त वेळा दिसेल, फोटोत आपण बरे येऊ, कोणीतरी आपणहून फोन करील. काही दिवसांनी तीच माणसे एखाद्या कव्हरसाठी परत येतात, तेव्हा चेहरा पूर्वीसारखा झालेला असतो. त्या निराशेची मला सवय आहे. या बाईंच्या चेहऱ्यावर मात्र राग होता, आणि तो नीट इस्त्री केलेला होता.

"काय झालं, मावशी?" ताईने विचारले.

"काल संध्याकाळी भाचीबरोबर बसून यात फोटो काढले, सगळ्यांचे नंबर घातले. आज उठून बघते तर सगळं साफ. आणि वर हा तमाशा."

त्यांनी फोन काउंटरवर ठेवला. पडद्यावर निळ्या पाण्यातून एक हात वर येत होता आणि बोटांतून रंग ओघळत होते. ती जाहिरात आम्हा सर्वांना पाठ होती. खिडकीजवळच्या मांडणीवर गिऱ्हाइकांनी हाताळून पाहावेत म्हणून जे डेमो फोन तारेला बांधून ठेवलेले असतात, त्यांच्यावर ती दिवसभर चालते. डेमो फोनला एक विचित्र शिस्त असते. दिवसभर त्यात कोणी काहीही केले, तरी रोज पहाटे तो स्वतःला पुसून टाकतो आणि कोरा होऊन पुन्हा जाहिरात सुरू करतो.

"शिवाय मी याच्यावर संरक्षक काच बसवून द्या म्हणाले होते," बाई पुढे म्हणाल्या. "काच कुठाय? आणि याची पाठ अशी चिकट का?"

ताईने खोक्यावरचा क्रमांक फोनमधल्या क्रमांकाशी ताडून पाहिला. तिचा चेहरा उतरला.

"जुळत नाहीये," ती म्हणाली. "हा डेमो फोन आहे. पण मी तुमच्यासमोर सील फोडलं होतं ना?"

"फोडलं होतंस. आतून फोन कोराच निघाला. मी डोळ्यांनी बघितलं. म्हणून तर विचारतेय, तो गेला कुठे?"

तोवर साहेब येऊन पोहोचले होते. साहेब म्हणजे आमचे व्यवस्थापक. त्यांच्या सदऱ्याची घडी दिवसभर मोडत नाही. त्यांनी फोन उचलून पाहिला, क्षणभर खिडकीजवळच्या मांडणीकडे नजर टाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मांडणीवरचे सगळे फोन जागच्या जागी आहेत. म्हणजे हा कपाटातल्या जुन्या डेमो फोनांपैकी. आणि कपाटाची किल्ली कुणाकडे असते?"

दुकानातली प्रत्येक मान ताईकडे वळली. किल्ली तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राच्या दोरीलाच लटकत होती.

२

साहेबांनी ताईला आतल्या खोलीत नेले. मी विचार न करता मागोमाग गेलो, आणि बाई कोणी न बोलावता आत आल्या.

"हे बघ," साहेब ताईला म्हणाले, "मला पोलिसांत जायचं नाही. बाहेर सगळ्यांसमोर मॅडमची माफी माग, चूक कबूल कर आणि आजच्या आज काम सोड. मॅडमना आपण लगेच दुसरा फोन देऊ. विषय संपला."

आई गेल्यापासून घर तिच्या पगारावर आणि माझ्या अर्ध्या पगारावर चालते. या बाजारातल्या सगळ्या दुकानांचे एकमेकांशी बोलणे असते. इथे चोर ठरली असती, तर तिला पुन्हा कोणी काउंटरवर उभे केले नसते. तिने एकदा माझ्याकडे पाहिले. मला वाटले, ती मान खाली घालील.

"नाही," ताई म्हणाली.

"काय नाही?"

"माफी नाही. काम पण सोडणार नाही. मी फोन घेतलेला नाही, साहेब. बोलवा पोलिसांना."

"अगं, मी तुझ्या भल्याचं सांगतोय."

"माझं भलं मी बघेन."

साहेब बाईंकडे वळले. आवाजात मध आला. "मॅडम, तुम्ही बसा. तुमचा नवा फोन मागवतो. आमच्याकडून एक कव्हर भेट."

"मला नको."

"कव्हर?"

"फोन. दुसरा फोन नको. या मुलीला हाकलून जो फोन तुम्ही माझ्या हातात ठेवणार, तो घेऊन मी घरी जाऊ? चोरी हिनं केली असेल तर दाखवा. नसेल केली, तर कुणी केली ते मी बघते." त्यांनी पर्स मांडीवर घेतली आणि साहेबांच्याच खुर्चीवर बसल्या. "कौटुंबिक न्यायालयात वकिली केलीय मी. जन्मभर नवरा-बायकोची भांडणं ऐकली. दोघंही शपथेवर खरं बोलतात आणि तरी ताळमेळ बसत नाही, हे मला नवीन नाही. दुकान बंद होईपर्यंत मी इथून हलत नाही."

साहेबांच्या कपाळावर घाम दिसला. दुकानातली हवा थंडगार होती.

मी वकीलबाईंसाठी पाणी आणायला बाहेर आलो. खिडकीजवळ रोजचे आजोबा उभे होते. त्यांचे हे नाव दुकानाने ठेवलेले. ते रोज येतात, काही घेत नाहीत, मांडणीवरच्या फोनमध्ये स्वतःचे फोटो काढतात आणि दुसऱ्या दिवशी ते पुसले गेले म्हणून भांडतात. आज त्यांची कळी खुलली होती.

"अरे ए," त्यांनी मला हाक मारली, "आज माझा काल संध्याकाळचा फोटो शिल्लक आहे! शेवटी ऐकलंत म्हणायचं म्हाताऱ्याचं!"

मी कसनुसा हसलो आणि पाणी घेऊन आत गेलो. माझ्या बहिणीला चोर ठरवले जात होते. आजोबांच्या फोटोसाठी माझ्या मनात जागा नव्हती.

३

"तू हिचा भाऊ ना?" वकीलबाईंनी मला विचारले. "तोंडावळा तसाच आहे. मग तुझी साक्ष काही कामाची नाही; पण तुझे पाय कामाचे आहेत. चल, मला दुकान फिरवून दाखव. काल माझा फोन कुठून कुठे गेला?"

मी मोजके बोलतो. अनोळखी माणसासमोर तर माझे शब्द घशातच बसून राहतात. तरीही त्यांना मी सगळे क्रमाने सांगितले. ताई गिऱ्हाइकासमोर खोके उघडते. फोन काच बसवायला काचकाकांकडे जातो. गिऱ्हाईक खांबापलीकडच्या कमानीखाली जाऊन बसते. तिथे साहेब स्वतः त्याचा नव्या फोनसह फोटो काढतात. शेवटी बंद खोके ताईकडे येते आणि ती ते पिशवीत घालून देते.

"म्हणजे प्रत्येकाला आपापला तुकडाच दिसतो," त्या म्हणाल्या. "सबंध गोष्ट कुणालाच नाही."

काचकाका दिव्याखाली वाकून कोणाच्या तरी फोनवरची धूळ टिपत होते.

"काका, काल माझ्या फोनवर काच बसवलीत?"

"बसवली म्हणजे काय! एक बुडबुडा दाखवा, मिशी उतरवतो."

"बुडबुडा कुठला दाखवू? काचच नाहीये."

काकांनी फोन हातात घेतला, तिरका धरला, अंगठा फिरवला. त्यांची मिशी खरोखरच हलली. "हे कसं शक्य आहे? बाई, मी खोटं बोलत नाही. पोरीची शप्पथ."

"पोरीला मधे आणू नका. काच बसवल्यावर फोन कुणाला दिलात?"

"साहेबांच्या टेबलावर ठेवला. कमानीजवळ. रोज तिथंच ठेवतो."

"काका विसरतात अलीकडे," मागून साहेबांचा आवाज आला. ते सावलीसारखे आमच्या पाठीशी होते. "मी फक्त फोटो काढतो, मॅडम. खोकं माझ्याकडे येतच नाही. ते तिच्याकडे असतं."

"साहेब!" काउंटरवरून ताई ओरडली. "खोकं तुम्ही मागवून घेता आणि बंद करून तुम्हीच देता की माझ्या हातात!"

"हे आता सुचलं तुला."

काका साहेबांकडे बघत राहिले. मग पुन्हा दिव्याखाली वाकले, पण त्यांच्या बोटांना काम सुचत नव्हते. इतक्या वर्षांत त्यांना कोणी विसराळू म्हटले नव्हते. मला त्या क्षणी साहेबांचा राग आला. असा उघडा, पूर्ण राग मला क्वचित येतो; तो आला तेव्हा थोडे बरेही वाटले.

वकीलबाई मात्र शांत होत्या. त्या खिडकीकडे पाहत होत्या. आजोबा निघून गेले होते. ते ज्या फोनपाशी उभे होते, त्याच्यापुढे आता पुठ्ठ्याची एक पाटी उभी होती: कृपया हात लावू नये.

"गंमत आहे," त्या हळूच मला म्हणाल्या. "फोन मांडलाय हात लावण्यासाठी, आणि पाटी ही. कधी ठेवली?"

मला माहीत नव्हते. सकाळी ती नव्हती, एवढे मात्र मी ठामपणे सांगितले.

४

दुपारी गर्दी ओसरली. वकीलबाई खांबापलीकडे जाऊन उभ्या राहिल्या.

तिथे आमच्या दुकानाची प्रसिद्ध भिंत आहे. साहेब तिला आनंदाची भिंत म्हणतात. नवा फोन हातात धरून हसणाऱ्या गिऱ्हाइकांचे फोटो तिच्यावर छतापर्यंत लावलेले आहेत. मुख्य कार्यालयातली मोठी माणसे ती पाहायला लवकरच येणार होती. अशी भिंत सगळ्या शाखांत करायची आणि ते काम साहेबांवर सोपवायचे, असे ठरत होते. मला ती भिंत कधी आवडली नाही. इतके दात एका ठिकाणी पाहिले की मला एकटे वाटते.

"हा माझा," वकीलबाईंनी बोट ठेवले. कालच्या फोटोत त्या कमानीखाली बसल्या होत्या, दोन्ही हातांत फोन धरून, लहान मुलीसारख्या खूश. "किती मूर्ख दिसतेय बघ. भाचीनं सांगितलं होतं, या फोनमध्ये दूरची माणसं समोर बसल्यासारखी दिसतात. माझी बहीण दूर असते. मला वाटलं, आता ती दिसेल." त्यांनी बोट फोटोच्या मागच्या भागाकडे सरकवले. "बरं. मागे काय दिसतंय सांग."

कमानीतून मागचे दुकान दिसत होते. साहेबांना ते फोटोत यायला हवे असते.

"काचकाका दिसतायत," मी म्हणालो. "दिव्याखाली. काच बसवतायत."

"कशावर?"

"फोनवर."

"कुणाच्या?"

मी फोटोजवळ गेलो. काल दुपारी दुकानात दुसरे गिऱ्हाईक नव्हते. कडाक्याच्या उन्हाने रस्ता ओस पडला होता. फोटोत काउंटरवर एकच उघडे खोके होते, आणि ते रिकामे होते. काकांच्या बोटांमध्ये निळा फोन होता. वकीलबाईंच्या हातातही निळा फोन होता.

मी एका फोनवरून दुसऱ्यावर बोट नेले.

"मी एकच फोन विकत घेतला होता," त्या म्हणाल्या. "तर मग हे दोन कुठून आले?"

५

त्यांनी सगळ्यांना खिडकीजवळ बोलावले. ताई आली, काचकाका आले, आणि साहेबही आले, कारण न येण्याला काही सबब उरली नव्हती.

"सगळे खरं बोलत होते," वकीलबाईंनी सुरुवात केली. "सील ताईनं फोडलं, खरं. काच काकांनी बसवली, खरं. आणि मला मिळालेल्या फोनवर काच नव्हती, हेही खरं. हे तिन्ही एकत्र खरं असायला एकच वाट आहे. काकांनी काच बसवली ती दुसऱ्या फोनवर, म्हणजे माझ्या खऱ्या फोनवर. माझा फोटो निघाला तेव्हा तो काकांकडे होता. मग माझ्या हातात कोणता होता?"

"मॅडम, हे जरा—" साहेब पुढे झाले.

"थांबा. माझ्या फोनची पाठ चिकट आहे. कशानं? पाठीला काहीतरी चिकटवलेलं होतं. तार चिकटवतात ना तुम्ही, मांडणीवरच्या फोनांना? म्हणजे तो कपाटातला नाही. काल दुपारपर्यंत तो याच मांडणीवर होता. फोटोपुरता काढून तुम्ही माझ्या हातात दिलात. काकांनी काच बसवलेला फोन तुमच्या टेबलावर आणून ठेवला. दोन सारखे फोन शेजारी शेजारी. तुम्ही एक खोक्यात भरलात, एक तारेला अडकवलात. उलटे."

"पण मांडणीवरचा फोन जागेवरच आहे!" साहेब म्हणाले. "मी सकाळीच सगळ्यांसमोर सांगितलं."

"जागेवर फोन आहे. कोणता आहे, ते तुम्ही सांगितलं नाहीत."

माझ्या कानात आजोबांचा आवाज आला, आणि मी बोललो. मला स्वतःलाच तो आवाज परका वाटला.

"रोजच्या आजोबांचा कालचा फोटो यात शिल्लक आहे. त्यांनी मला सकाळीच सांगितलं. डेमो फोनमध्ये तो राहिलाच नसता."

साहेबांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू टेबलच बोलले.

वकीलबाईंनी पाटी उचलून बाजूला ठेवली. फोनच्या कडेवरून नख फिरवले. नख अडकले. "काका, हे काम तुमचं?"

काकांनी फोन तारेसकट उचलून उजेडात धरला. बराच वेळ धरला. "माझंच," ते म्हणाले. "बघा. एक बुडबुडा नाही."

"क्रमांक वाच रे," वकीलबाईंनी मला सांगितले. ताईने खोके हातात घेतले. मी फोनमधला एकेक आकडा मोठ्याने वाचू लागलो आणि ताई प्रत्येक आकड्याला "हो" म्हणत गेली. पहिला "हो" कापरा होता. शेवटचा तिने जवळजवळ फेकून मारला.

साहेब कमानीजवळच्या स्टुलावर बसले.

"काच बसायला वेळ लागतो," ते म्हणाले. "तेवढ्यात माणसाचा चेहरा पडतो. खोकं उघडताना जो आनंद असतो ना, तो टिकतच नाही. लोक घड्याळ बघतात, किमतीचा विचार करतात. मला तो चेहरा ताजा हवा असायचा. म्हणून डेमो फोन हातात द्यायचो. नेहमीच. आजवर चूक झाली नव्हती."

"म्हणजे ही सगळी माणसं..." ताईने भिंतीकडे हात केला.

"आनंद खरा होता त्यांचा."

"आणि सकाळी?" वकीलबाईंनी विचारले. "फोन बघितल्याबरोबर तुमची नजर या मांडणीकडे गेली. आज याच्यावर जाहिरात चालत नाही, हे तेव्हाच दिसलं तुम्हाला. घोटाळा कळला होता, म्हणून तर नंतर ही पाटी ठेवलीत. मग हिला चोर का म्हणालात?"

साहेब भिंतीकडे पाहू लागले.

"भिंतीपायी," वकीलबाईंनीच उत्तर दिले. "फोटोतले फोन खोटे आहेत हे बाहेर पडलं, तर भिंत गेली. दुकान बंद झाल्यावर हा फोन तुम्ही गुपचूप गायब केला असता, आणि मग ही पोरगी जन्मभर चोर राहिली असती. म्हणून मी इथून हलले नाही."

६

वकीलबाईंचा फोन ताईने तारेतून सोडवला आणि त्याची पाठ पुसली. "यातले फोटो काढून टाकू, मावशी? आजोबांचे बरेच आहेत. जीभ बाहेर काढलेले पण आहेत."

"राहू देत. बहिणीला दाखवीन. म्हणेन, नवीन मित्र केलाय." त्यांनी फोन पर्समध्ये टाकला. "पण दूरची माणसं समोर बसल्यासारखी दिसतात का खरंच?"

ताईने काही क्षण विचार केला. विक्रीच्या काउंटरवर असा विचार करायची पद्धत नाही. "नाही," ती म्हणाली. "बऱ्यापैकी दिसतात. पण समोर बसल्यासारखी नाही."

"काल सांगितलं असतंस तर मी फोन घेतला नसता."

"हो. म्हणूनच सांगू देत नाहीत."

साहेब उठून ताईजवळ आले. सदऱ्याची घडी मोडली होती. त्यांनी आवाज खाली आणला. "झालं ते झालं. माझं चुकलं. मनापासून सांगतो. उद्यापासून तुला काउंटरची मुख्य करतो. मॅडमना फोन मिळाला, तुझ्यावर डाग नाही. आता हे आपल्यातच राहू दे."

मला वाटले, संपले. मी तर सुटकेचा श्वासही सोडला होता. घर, भाडे, उद्याची सकाळ, सगळे पुन्हा आपापल्या जागी बसत होते. ताईने फक्त हो म्हणायचे होते.

ताईने गिऱ्हाइकांसाठी ठेवलेली खुर्ची ओढली आणि दुकानाच्या मधोमध मांडून तिच्यावर बसली.

"काय करतेस?" साहेबांनी विचारले.

"मला चोर म्हणालात तेव्हा दुकान भरलेलं होतं. आता रिकामं आहे."

"अगं, मी माफी मागितली ना?"

"कुणी ऐकली? माझ्या धाकट्यानं, काकांनी आणि मावशींनी. या तिघांना आधीच माहीत होतं." ती मागे टेकून बसली. "संध्याकाळी गर्दी होते. मी थांबते."

"आणि मी नाही म्हणालो तर?"

"तर येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगेन. फोटो कसे काढतात तेही सांगेन. मला घाई नाही."

वकीलबाई दाराकडे निघाल्या होत्या. त्या परत फिरल्या. शेजारची खुर्ची ओढून ताईला लागून बसल्या. काचकाकांनी दिवा विझवला आणि येऊन ताईच्या मागे उभे राहिले. मी एव्हाना पार्टिशनच्या आत माझ्या टेबलापाशी परतलो होतो. तिथून मला सगळे दिसत होते आणि मी कोणाला दिसत नव्हतो. माझी सारी वर्षे अशीच गेली आहेत. मी दार उघडून बाहेर आलो आणि ताईच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिलो.

उन्हे उतरली. पहिल्यांदा एक जोडपे आले, मग कॉलेजातल्या मुलींचा घोळका, मग सकाळी हजर असलेला एक माणूस त्याच्या बायकोला घेऊन आला आणि ताईला पाहून दारातच अडखळला. कोणी विचारले, "काय चाललंय?" दुकान भरत गेले. सगळे साहेबांकडे पाहू लागले, कारण आम्ही चौघे त्यांच्याकडे पाहत होतो.

साहेब काउंटरमागून पुढे आले. त्यांनी घसा साफ केला.

"सकाळी मी... आमच्या या कर्मचारी..."

"मोठ्यानं," ताई म्हणाली. "मागे ऐकू येत नाहीये."